रिकाम्या जहाजाच्या ड्राफ्ट सर्व्हेत दरवेळी माल कमी भरतोय? आधी कॉन्स्टंट बघा, मग एलसीएफची खूण

ड्राफ्ट म्हणजे जहाज पाण्यात किती खोल बुडालंय ते. त्यावरून जहाजाचं वजन, म्हणजे विस्थापन, काढायचं आणि भरलेल्या-रिकाम्या वजनांवरून माल, हा ड्राफ्ट सर्व्हे. लक्षण आधी सांगते, म्हणजे तुमचा त्रास हाच आहे का ते लगेच कळेल. भरून आलेल्या जहाजाचे ड्राफ्ट आपल्या एक्सेलमध्ये टाकले की विस्थापनाचा आकडा सर्व्हेअरच्या रिपोर्टशी तंतोतंत जुळतो. माल उतरल्यावर रिकाम्या जहाजाचे ड्राफ्ट टाकले की मात्र आपलं विस्थापन पाच-सातशे टनांनी जास्त निघतं. मग भरलेल्यातून रिकामं वजा केलं की तेवढाच माल कमी. आणि हे एखाद्या जहाजाला नाही, ओळीने प्रत्येक जहाजाला होतं.

आमच्याकडे हे तीन जहाजांना झालं. आमचं ऑफिस नागपुरात, सदरला. उमरेड-सावनेरच्या वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) खाणी हाकेच्या अंतरावर असूनही विदर्भातल्या स्पंज आयर्न कारखान्यांना दक्षिण आफ्रिकेचा कोळसा लागतो. तो पूर्व किनाऱ्यावर उतरतो आणि मालगाडीने इकडे येतो. हिशेबाचा मेळ घालायचं काम माझं. मी कॉमर्सची. जहाजावर पाय ठेवलेला नाही. माझ्याकडे येतात ते सर्व्हेअरने व्हॉट्सॲपवर पाठवलेले मार्कांचे फोटो, साउंडिंगचे (टाक्यांतल्या पाण्या-तेलाच्या मोजणीचे) कागद आणि जहाजाच्या हायड्रोस्टॅटिक टेबलची (कोणत्या ड्राफ्टला विस्थापन किती ते सांगणारी) पानं. त्यावरून मी आमच्या जुन्या शीटमध्ये पुन्हा हिशेब करते. हे करणारे आपल्याकडे बरेच जण आहेत, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

तिसऱ्या जहाजाला शीटने सातशेहून जास्त टन कमी दाखवले. साधारण ५५,००० टनांच्या मालात म्हणजे जवळजवळ १.४ टक्के. वाघिणींच्या भाषेत अकरा-बारा वाघिणी. सर्व्हेअरच्या रिपोर्टात मात्र बिल ऑफ लेडिंगशी (माल चढवल्याच्या पावतीशी) फरक अगदी किरकोळ होता. ऑफिसमध्ये बोलणं सुरू झालं, ‘मॅडम, हा सर्व्हेअर जहाजवाल्यांना मिळालेला दिसते.’ पत्राचा मसुदासुद्धा तयार झाला. मला ते पटत नव्हतं, कारण तीन बंदरफेऱ्यांत तीन वेगळे सर्व्हेअर होते. तिघेही त्याच बाजूला, जवळपास तेवढ्याच टनांनी खोटं बोलतील कसे?

आमच्या खामल्यातल्या शेजाऱ्यांचा मुलगा जहाजावर चीफ ऑफिसर आहे, तेव्हा सुट्टीवर होता. त्याला कागद दाखवले. त्याने ड्राफ्ट विचारले नाहीत, घनता विचारली नाही. पहिला प्रश्न, ‘काकू, तुमचा कॉन्स्टंट किती येऊन राहिला?’

कॉन्स्टंट आमच्या शीटमध्ये होताच, शेवटच्या ओळीत. तिकडे मी कधी बघितलंच नव्हतं.

कॉन्स्टंट म्हणजे काय ते थोडक्यात. रिकाम्या जहाजाचं आजचं एकूण वजन ड्राफ्टवरून काढायचं. त्यातून जहाज बांधलं तेव्हाचं मूळ वजन म्हणजे लाइटशिप वजा करायचं, मग बॅलास्टचं (जहाज स्थिर राहावं म्हणून टाक्यांत भरलेलं) पाणी, गोडं पाणी, इंधन आणि तेल वजा करायचं. जे उरतं तो कॉन्स्टंट : टाक्यांतला गाळ, दोरखंड, रंगाचे डबे, सुटे भाग, खलाशांचं सामान, वर्षानुवर्षं साचलेलं सगळं. ५५-५८ हजार टनी जहाजाला तो साधारण दोनशे ते चारशे टन असतो, आणि जहाजाला तो स्वतःचा माहीत असतो. एका फेरीत तो थोडा इकडेतिकडे होईल, पण तिप्पट-चौपट होणार नाही. म्हणून रिकाम्या सर्व्हेत चूक कुठेही असो, ती शेवटी कॉन्स्टंटमध्ये येऊन बसते.

आमच्या तिसऱ्या जहाजाचा कॉन्स्टंट त्या जहाजावरच्या चीफ ऑफिसरने २८० टन सांगितला होता. आमच्या शीटमध्ये तो आला होता १,०४०. माल कमी पडला नव्हता, जहाजच आम्ही कागदावर साडेसातशे टनांनी जड केलं होतं.

आता तो हिशेब तसाच्या तसा मांडते. जहाजाची लंबांमधली (पुढच्या आणि मागच्या टोकाशी धरलेल्या उभ्या रेषांमधली) लांबी, म्हणजे एलबीपी, १८५ मीटर. डाव्या-उजव्या बाजूंची सरासरी काढून रिकाम्या जहाजाचे ड्राफ्ट असे : पुढे ४.५२, मध्ये ५.६९, मागे ६.९६ मीटर. म्हणजे दिसणारा ट्रिम (पुढच्या-मागच्या ड्राफ्टमधला फरक) २.४४ मीटर, मागच्या बाजूला. पण मार्क ठीक लंबरेषेवर रंगवलेले नसतात. पुढचा मार्क पुढच्या लंबापासून १.५० मीटर आत, मागचा मार्क मागच्या लंबापासून ७.५० मीटर आत. मार्कांमधलं अंतर उरलं १७६ मीटर. तेव्हा पुढच्या ड्राफ्टमधून १.५० × २.४४ ÷ १७६, म्हणजे ०.०२१ वजा, आणि मागच्यात ७.५० × २.४४ ÷ १७६, म्हणजे ०.१०४ अधिक. खरे ड्राफ्ट ४.४९९ आणि ७.०६४, खरा ट्रिम २.५६५ मीटर. मधला मार्क या जहाजाला बरोबर मध्यावर होता.

पुढे-मागेची सरासरी ५.७८ आणि मधला ५.६९. म्हणजे मध्यभाग ९ सेंटीमीटर वर उचललेला, हॉग झालेला. जहाज लवतं, ते सरळ पट्टीसारखं नसतं, म्हणून मधल्या ड्राफ्टला जास्त वजन देतात : पुढचा, सहा पट मधला आणि मागचा मिळवून आठने भागायचं. आलं ५.७१३ मीटर. या ड्राफ्टला टेबलमध्ये विस्थापन २७,९६० टन, एक सेंटीमीटर बुडायला लागणारे टन म्हणजे टीपीसी ५२.६, आणि एलसीएफ, म्हणजे जहाज पुढे-मागे ज्या बिंदूभोवती कलतं तो, मागच्या लंबापासून ९७.७० मीटरवर.

गाडी इथेच घसरली होती. टेबल बनवलंय सपाट तरंगणाऱ्या जहाजासाठी. आपलं जहाज मागे अडीच मीटर जास्त बुडालेलं. कललेल्या जहाजाचा खरा ड्राफ्ट मध्यावर मोजायचा नसतो, तो एलसीएफपाशी मोजायचा असतो, कारण जहाज त्या बिंदूभोवती कलतं. टेबलावर ३० सेंटीमीटरची पट्टी घ्या. तिचं मागचं टोक थोडं खाली करा. १५ च्या खुणेपेक्षा जरा पुढची, १६ ची खूण कुठे आहे? वर आहे. तसंच जहाजाचं. एलसीएफ मध्यापासून ९७.७० वजा ९२.५०, म्हणजे ५.२० मीटर पुढे. मागे कललेल्या जहाजाला त्या जागी ड्राफ्ट मध्यापेक्षा कमी असणार. किती कमी? २.५६५ × ५.२० ÷ १८५, म्हणजे ७.२ सेंटीमीटर. नेमकं ७.२१ सेंटीमीटर गुणिले ५२.६, झाले ३७९ टन. जहाज टेबलात दिसतं त्यापेक्षा तेवढं हलकं आहे. म्हणजे पहिली ट्रिम दुरुस्ती उणे ३७९.

आमच्या शीटमध्ये ती अधिक ३७९ होती.

कारण शीट ज्याने बनवली त्याने ती भरलेल्या जहाजांवर बेतली होती. एलसीएफच्या रकान्यात मध्यापासूनचं नुसतं अंतर टाकायचं, अधिक-उण्याची खूण नाही, आणि सूत्र दरवेळी मिळवायचं. भरलेल्या जहाजाला ते बरोबर येतं. खोल ड्राफ्टला जहाजाचा मागचा रुंद भाग पाण्यात येतो, त्यामुळे एलसीएफ मध्याच्या मागे सरकतो. जहाजही थोडं मागे कललेलं, तर दुरुस्ती अधिकच असते. शिवाय भरल्यावर ट्रिम असतो जेमतेम. आमच्या याच जहाजाचा आला तेव्हा १८ सेंटीमीटर होता, एलसीएफ २.९० मीटर मागे, टीपीसी ५७.८. दुरुस्ती १६ टन. खूण चुकली असती तरी ३२ टनांचा फरक, कोणाच्या नजरेतही आला नसता. रिकामं झाल्यावर मागची बाजू निमुळती होते, एलसीएफ पुढे सरकतो, आणि ट्रिम असतो अडीच मीटर. तिथे तीच चूक दोनदा मोजली जाते : वजा करायचे ३७९ केले नाहीत, वर ३७९ मिळवले.

बाकीचा हिशेब. दुसरी ट्रिम दुरुस्ती, जिला नेमोटोची म्हणतात, ती कायम अधिक असते : ट्रिमचा वर्ग × ५० × एमटीसीतला फरक ÷ एलबीपी. एमटीसी म्हणजे ट्रिम एक सेंटीमीटरने बदलायला लागणारा मोमेंट. त्यातला फरक म्हणजे ड्राफ्टच्या अर्धा मीटर वर आणि अर्धा मीटर खाली टेबलात दिलेल्या दोन एमटीसींमधला. तो इथे २२ होता, दुरुस्ती आली ३९ टन. तेव्हा २७,९६० वजा ३७९ अधिक ३९, म्हणजे २७,६२० टन. पाण्याची घनता मोजली होती १.०२१, टेबल १.०२५ चं. गुणून-भागून २७,५१२. यातून लाइटशिप १०,८५०, बॅलास्ट १५,४१०, गोडं पाणी १८६, इंधन-तेल ७८२ वजा केले. उरले २८४. जहाजाने सांगितलेले २८०.

हे २८४ पडद्यावर आले तेव्हा मी तो मसुदा उघडून तिथेच पुसला. दोन जुन्या जहाजांचे कागद काढले, त्यांचेही कॉन्स्टंट जागेवर आले. ज्यांच्याविषयी बोलणं झालं होतं त्या सर्व्हेअरना फोन करून मी स्वतः सांगितलं की चूक आमच्याकडे होती.

शीट दुरुस्त करायची तर खूण माणसाच्या हातात ठेवू नका. एलसीएफ नेहमी मागच्या लंबापासून, म्हणजे एपीपासून टाका. शीटने एलबीपीच्या निम्म्यातून तो वजा करावा. ट्रिम ‘मागचा वजा पुढचा’ असा घ्या. दोन्ही गुणले की खूण आपोआप येते. आपल्या उदाहरणात ९२.५० वजा ९७.७० म्हणजे उणे ५.२०, ट्रिम अधिक, गुणाकार उणे. भरलेलं असताना ९२.५० वजा ८९.६० म्हणजे अधिक २.९०. जहाज पुढे कललेलं असेल तर ट्रिमच उणे येईल आणि तेही बरोबर बसेल.

अडचण अशी की सगळ्या जहाजांची पुस्तकं एपीपासून मोजत नाहीत. काही मध्यापासून मोजतात. त्यात कोणी पुढची बाजू अधिक धरतो, कोणी मागची. पानाच्या वर खुलासा असतो, पण व्हॉट्सॲपवर येणाऱ्या फोटोत नेमकं ते डोकं कापलेलं असतं. अशा वेळी एलसीएफचा पूर्ण रकाना मागवा, एकच ओळ नाही. अशा मालवाहू जहाजांत सहसा सगळ्यात खोल ड्राफ्टला एलसीएफ मागे असतो आणि सगळ्यात उथळ ड्राफ्टला पुढे. रकान्याच्या दोन टोकांच्या खुणा बघितल्या की या पुस्तकात मागची खूण कोणती ते कळतं. तरी खात्री चीफ ऑफिसरकडून करूनच घ्या, एका ओळीचा मेसेज पुरतो.

आता समजा तुमची खूण बरोबर आहे आणि तरी कॉन्स्टंट हलतोय. मग तो कुठे हलला ते बघा, त्यावरून कारण सापडतं.

कॉन्स्टंट फार कमी किंवा उणे आला, तर मी आधी बॅलास्ट उघडते. आकडा तोच सगळ्यात मोठा. टाकीतला साउंडिंग पाइप बहुतेक मागच्या टोकाला असतो. जहाज मागे कललेलं असलं की पाणी तिकडे जमतं, टेप जास्त दाखवते. म्हणून टाकीच्या टेबलात ट्रिमप्रमाणे रकाने असतात. सपाट जहाजाच्या रकान्यातून आकडा उचलला की पाणी फुगतं. पाइपापाशी टाकी भरलेली दिसली तरी पुढच्या कोपऱ्यात हवा अडकलेली असू शकते. दुसरी गोष्ट बॅलास्टची घनता. आमच्या शीटमध्ये ती १.०२५ कायमची लिहून ठेवली होती. बॅलास्ट जिथे भरला तिथलं पाणी जसं असेल तशी घनता. १६,००० टनांच्या बॅलास्टला १.०२५ ऐवजी खरी १.०१८ असेल तर १०९ टनांचा फरक. टाकीतून नमुना काढून मोजलाय का ते कागदावर लिहिलेलं असतं. नसेल तर विचारा.

बाहेरच्या पाण्याची घनताही तितकीच नाजूक. ६५,००० टनांच्या भरलेल्या जहाजाला ०.००१ चा फरक म्हणजे ६३ टन. इंडोनेशियात नदीच्या मुखाशी नांगरावर जहाजं भरतात, मुआरा बेराऊ किंवा ताबोनिओला. तिथे नदीचं पाणी मिसळतं, वरचा थर आणि तळ सारखा नसतो. नमुना वेगवेगळ्या खोलीवरून, जहाजाच्या दोन-तीन ठिकाणांहून घ्यायचा, आणि काढल्या काढल्या मोजायचा. त्यावर तापमानाची दुरुस्ती करत बसायचं नाही. जहाज ज्या तापमानाच्या पाण्यात तरंगतंय त्याच पाण्याची घनता आपल्याला हवी. मी हे घरी बादलीत करून बघितलं. मे महिन्यात दुपारी नळाचं पाणी बादलीत भरून अंगणात ठेवलं. तासाभराने हायड्रोमीटर (घनता मोजायची काचेची तरंगती नळी) आधीपेक्षा खोल बसला. पाणी तेच, फक्त उन्हाने तापलेलं. डेकवर उन्हात ठेवलेल्या नमुन्याचं हेच होतं. आणि वाचताना पाणी काचेला जिथे वर चढलेलं दिसतं ती कड घ्यायची नाही, पाण्याची सपाट पातळी घ्यायची. हायड्रोमीटरही ड्राफ्ट सर्व्हेचा हवा. लोडलाइनचा (जहाज किती खोल भरता येईल ते तपासायचा) वेगळा असतो आणि दोघांचे आकडे मिसळत नाहीत.

फोटो वाचताना होणारी एक चूक मी स्वतः दोनदा पकडली आहे. मीटरच्या मार्कांत आकडा १० सेंटीमीटर उंच असतो आणि दोन आकड्यांमध्ये १० सेंटीमीटर मोकळी जागा. ड्राफ्ट म्हणजे आकड्याची खालची कड. पाणी ‘६’ च्या खालच्या कडेला टेकलं तर १२.६०, वरच्या कडेला पोहोचलं तर १२.७०, निम्म्यावर असलं तर १२.६५. वरची कड धरून वाचणारा दरवेळी १० सेंटीमीटर चुकतो. मधल्या मार्काची चूक सगळ्यात महाग, कारण त्याला आठातले सहा हिस्से. मध्ये दोन्ही बाजूंना एक सेंटीमीटर चुकलं तर साधारण ४३ टन, टोकाला तेवढंच चुकलं तर सात. लाटा असतील तर एका फोटोवर विसंबू नका, छोटा व्हिडिओ मागवा आणि पाणी सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली कुठे जातं ते सात-आठ लाटा बघून ठरवा. समुद्राकडच्या बाजूला मधला मार्क सहसा होडीतून वाचावा लागतो. तो ‘अंदाजे’ लिहून आला असेल तर मी सरळ परत पाठवते.

काही चुका मात्र सापडल्या तरी त्यांच्यामागे दिवस घालवू नये. टेबल किलच्या (जहाजाच्या तळाच्या पत्र्याच्या) आतल्या बाजूपासून मोजलेलं आणि मार्क बाहेरच्या बाजूपासून, असा दीड-दोन सेंटीमीटरचा घोळ कधी निघतो. एका सर्व्हेत तो शंभर टनांचा दिसतो, पण भरलेल्या आणि रिकाम्या दोन्हींत सारखाच येतो, तेव्हा वजाबाकीत बहुतेक निघून जातो. खूण चुकली तर ती फक्त एका बाजूला बसते, म्हणून ती जात नाही.

आणि हेही धरून चला की सगळं बरोबर करूनही ड्राफ्ट सर्व्हे म्हणजे सोन्याचा तराजू नाही. कोळशासाठी संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाची, युएन-ईसीईची, १९९२ ची संहिता आहे. अचूकता साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास धरतात. ५५,००० टनांवर २७५ टन. शंभर-दीडशेच्या फरकाला पत्र लिहू नका. होल्डमधून, म्हणजे मालाच्या कोठारातून, पंपाने उपसलेलं तळाचं, बिल्जचं पाणी वाटेत किती गेलं ते विचारा, कोळशातलंच पाणी असतं ते.

पुढचं जहाज महिनाभराने लागलं. संध्याकाळी रिकामं झालं, साडेआठला कागद आले. चीफ ऑफिसरने कॉन्स्टंट ३१० सांगितला होता. शीट भरली, माझा आला ३२२. मग मी मालाचा आकडा बघितला.